गेंड्या भुंग्याची तांब्याची प्लेट: कामाच्या नोंदी

जुन्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतली कीटकांची बरीच चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून किंवा ॲसिडने खाऊन छापलेली आणि वरून हाताने रंगवलेली असत. त्याच पद्धतीने एका भुंग्याची प्लेट नाशिकमध्ये मिळणाऱ्या सामानातून करायची, एवढंच हे काम. प्लेट २०० × १५० मिमी. एकूण खर्च ₹७,१३०, वेळ ७१ तास. त्यातले २१ तास चुका निस्तरण्यात गेले. त्या चुका खाली तारखेनिशी आहेत.

१४ जून
मखमलाबादच्या एका रोपवाटिकेतल्या शेणखताच्या ढिगात मेलेला गेंड्या भुंगा मिळाला. शिंग सोडून लांबी ४३ मिमी. नर आहे हे दोन गोष्टींवरून ठरवलं: शिंग लांब आणि मागे वळलेलं, आणि पोटाच्या टोकाला मादीला असतो तसा तांबूस केसांचा झुपका नाही. एकट्या शिंगावर जाऊ नये. लहान नराचं शिंग मादीइतकंच आखूड असू शकतं.

काळा आणि चकचकीत कीटक निवडला, पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ तिथेच आहे.

१५ ते १८ जून
वाळलेले पाय पोटाशी दुमडलेले होते. घट्ट झाकणाचा डबा, तळाला ओली वाळू, त्यावर कागद, त्यावर भुंगा, बुरशी येऊ नये म्हणून कोपऱ्यात अर्धी डांबरगोळी. २४ तासांनी पाय उघडायला गेलो तर डावीकडचा मधला पाय मांडीच्या सांध्यात तुटला. एवढ्या जाड कीटकाला तीन दिवस लागतात. ७२ तासांनी बाकीचे पाय विनातक्रार फिरले. तुटलेला पाय फेविकॉलच्या एका थेंबाने बसवला.

टाचणी उजव्या कठीण पंखातून, पुढच्या बाजूला खोचायची असा रिवाज आहे. पंखांच्या मधल्या शिवणीत टोचली तर पंख फाकतात. थर्माकोलवर पाय पसरून दोन्ही बाजूंनी टाचण्यांचे आधार दिले आणि ४० वॉटच्या दिव्याखाली सहा दिवस ठेवला. पावसाळी हवेत नुसता उघडा ठेवला असता तर सुकण्याआधी बुरशी धरली असती.

२५ ते २८ जून: रेखाटन
चित्र तिप्पट आकारात, म्हणजे अंगाची लांबी १२९ मिमी. पहिला आराखडा मोबाइलच्या फोटोवरून केला तो फेकावा लागला. फोटो १५ सेंमीवरून काढला होता. लेन्सच्या सर्वांत जवळ असलेलं शिंग आणि वक्षाचा उंचवटा फुगले, पंखांचं मागचं टोक बारीक आलं. दीड मीटरवरून झूम करून पुन्हा काढला आणि कॅलिपरने सहा ठिकाणी ताडून पाहिला. चार तास गेले.

ट्रेसिंग पेपरवर अर्धाच भुंगा काढायचा आणि घडी घालून दुसरी बाजू उतरवायची. उजव्या पंखाला टाचणीचं भोक असल्याने डावा अर्धा घेतला. पायांची टोकं दोन्हीकडे सारखी येतात, ती तशीच राहू द्यावीत, या प्रकारच्या चित्रात तेच अपेक्षित असतं. मोजायच्या गोष्टी भिंगाखाली मोजाव्यात, अंदाजाने काढू नयेत: शृंगिकेचे (मिशीचे) दहा खंड, त्यातले शेवटचे तीन पानांसारखे चपटे, प्रत्येक पायाच्या टोकाशी पाच छोटे खंड आणि दोन नख्या. मागच्या पायाला आधी चारच खंड काढले गेले होते. वक्षाच्या खोलगट भागामागे दोन टोकांचा उंचवटा आहे, तो वरून पाहताना सपाट वाटतो. दिवा तिरका धरला की दिसतो.

प्रकाश वर डावीकडून. शेजारी ४३ मिमीची उभी रेघ: जुन्या प्लेटांत कीटक मोठा काढला की त्याचा खरा आकार असाच दाखवत.

२९ जून: तांबं
भांडी बाजारातून १८ गेजचे (१.२ मिमी) दोन तुकडे कापून घेतले, प्रत्येकी ₹३७०. घरी येऊन वजन केलं. २०० × १५० मिमीचा १८ गेजचा पत्रा सुमारे ३२० ग्रॅम भरायला हवा. एक ३१८ भरला, दुसरा २४६. दुसरा २० गेजचा निघाला, तो बदलून आणला. पातळ पत्रा प्रेसमध्ये वाकतो आणि चुकीची जागा ठोकून दुरुस्त करायला त्यात धातूच उरत नाही. ही दुरुस्ती पुढे करावी लागलीच. दुकानात तराजू असतोच, तिथेच वजन करून घ्यावं.

१ व २ जुलै
चारही कडा कानशीने ४५ अंशांत उतरवल्या, नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि त्यावरचा नमदा (लोकरी जाड कापड) दोन्ही कापले जातात. मग पाण्याचा पॉलिश पेपर: ४००, ६००, ८००, १२००, २०००. दर नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी ब्रासो. साडेतीन तास. ८०० वगळून पाहिला. ६०० चे ओरखडे प्रूफमध्ये (चाचणीच्या छापात) पावसाच्या सरींसारखे दिसले, ते नंतर बर्निश करत, म्हणजे घोटून गुळगुळीत करत, बसावं लागलं.

५ जुलै: फेरिक क्लोराइड
तांबं खाण्यासाठी नायट्रिक ॲसिड घरात नको, म्हणून फेरिक क्लोराइड. हवं होतं ४० टक्के द्रावण. हिशोब ४०० ग्रॅम पूड आणि ६०० मिली पाणी असा धरला. प्लास्टिकची बादली थंड पाण्याच्या टबात ठेवून, गॉगल आणि हातमोजे घालून, पाण्यात पूड थोडी थोडी टाकली. (उलट कधीही करू नये.) द्रावण गरम झालंच नाही. तिथेच शंका यायला हवी होती.

हे मीठ दोन रूपांत येतं. निर्जल रूप काळपट-हिरवं, पाण्यात पडताच तापतं आणि धूर सोडतं. पिवळट-तपकिरी ढेकळं म्हणजे पाणी धरलेलं रूप, त्यात खरं फेरिक क्लोराइड वजनाच्या ६० टक्केच. आणलेली ढेकळं पिवळी होती, म्हणजे द्रावण झालं २४ टक्क्यांचं. ताडण्याची सोपी रीत: १०० मिली द्रावण तोला. सुमारे १४१ ग्रॅम भरलं तर ठीक. आमचं १२२ भरलं. त्यात आणखी ८०० ग्रॅम ढेकळं घातल्यावर १४० वर आलं. पाचशे ग्रॅमच्या तीन पुड्या लागल्या, ₹६९०.

८० ग्रॅम लिंबूफूल २४० मिली कोमट पाण्यात विरघळवून यातच मिसळलं. नुसत्या फेरिकमध्ये रेघांच्या तळाशी गाळ बसतो आणि खाणं थांबतं, म्हणून प्लेट पालथी टांगावी लागते. लिंबूफुलाने गाळ विरघळतो, प्लेट ट्रेमध्ये उताणी ठेवता येते आणि रेघेच्या भिंती स्वच्छ राहतात.

७ जुलै: लेप, पहिला प्रयत्न फसला
लेप पत्र्याला ॲसिडपासून झाकतो, सुईने तो खरवडला तेवढंच तांबं उघडं पडून खाल्लं जातं. कृती जुनीच: ॲस्फाल्टम (डांबरासारखा काळा पदार्थ) २ भाग, मधमाशीचं मेण २, राळ १. मधमाशीचं मेण त्या दिवशी मिळालं नाही म्हणून मेणबत्तीचं वापरलं. दिसायला लेप सुरेख बसला. सुई चालवताच दोन रेघांमधली पट्टी खपलीसारखी उडाली. मेणबत्तीचं मेण ठिसूळ, त्याला चिकटपणा नाही. सगळं टर्पेंटाइनने पुसून टाकलं.

९ जुलै
खरं मेण आणलं. दुसरी अडचण तेलकटपणाची. पत्रा चिंचेने घासून लखलखीत केला होता, तरी नळाखाली धरल्यावर पाणी थेंबाथेंबाने गोळा होत होतं. चिंचेने काळपटपणा जातो, तेल जात नाही. खडूची पूड आणि पांढरं व्हिनेगर यांच्या लगद्याने घासल्यावर पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला. पत्रा कोरडा करून मंद विजेच्या शेगडीवर तव्यावर ठेवला, लेपाची गोळी फिरवली आणि रबरी रोलरने पातळ पसरवला. रंग गडद मधासारखा हवा. काळाकुट्ट झाला तर जाड आहे. धूर यायला लागला तर राळ जळाली, तो लेप पुढे तडकतो. टर्पेंटाइनची बाटली या वेळी दुसऱ्या खोलीत.

उरलेल्या पट्टीवर चाचणी घेतली: २७ अंशांना ५, १०, २०, ४०, ८० मिनिटं. पाच मिनिटांत केसासारखी रेघ. ऐंशीत रेघ रुंद होऊन शेजारणीला भेटलेली. ही पट्टी जपून ठेवावी आणि तिच्याकडे बघावंही. आम्ही दुसरं केलं नाही.

१२ व १३ जुलै: सुईकाम
शिंप्यांकडचा पिवळा कार्बन आणि उलटं ठेवलेलं ट्रेसिंग, अशी आकृती लेपावर उतरवली. भुंगा दोन्हीकडून सारखा असल्याने चित्र उलटलं की नाही हे आकृतीवरून कळत नाही. प्रकाशाची बाजू आणि मापाची रेघ यांवरूनच कळतं. प्लेटवर प्रकाश उजवीकडून असायला हवा. साडेनऊ तास लागले. कडांना रेघा, अंगाला टिंबं.

खाली मध्यभागी नाव देवनागरीत: ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस (लिनियस, १७५८). कंस हौसेने दिलेला नाही. लिनियसने हा भुंगा स्कॅराबियस या प्रजातीत घातला होता, नंतर तो ओरिक्टेसमध्ये गेला. प्रजाती बदलली की मूळ नाव देणारा कंसात जातो.

१४ जुलै: खाणं
पाठीला ब्राऊन टेप लावली. ८ मिनिटांनी केस आणि शृंगिका सुताराकडच्या फ्रेंच पॉलिशने झाकल्या. त्यातल्या स्पिरिटने लेप विरघळत नाही. आणखी १७ मिनिटांनी पाय आणि वक्षाचा उजळ भाग झाकला. पंखांच्या बाहेरच्या कडा सर्वांत काळ्या हव्यात म्हणून त्यांना एकूण ७५ मिनिटं दिली. तिथे टिंबं मिलिमीटरला तीन अशी दाट होती.

१६ जुलै: पहिलं प्रूफ
जिथे भुंगा सर्वांत काळा हवा, तिथेच तो राखाडी आला. पाय काळे, वक्ष बरं, पंखांच्या कडा धुतल्यासारख्या, भोवती काळी किनार.

कारण भिंगाखाली लगेच दिसलं. ७५ मिनिटांत टिंबांमधल्या भिंतीच खाऊन गेल्या होत्या आणि दोन्ही पंखांच्या कडेला १२ × ४५ मिमीचा एकेक उथळ हौद झाला होता. या छपाईत शाई खाचेत अडकते, कारण पुसणारं कापड खाचेच्या दोन काठांवरून सरकतं. काठ उरले नाहीत की कापड तळापर्यंत पोचतं आणि शाई उचलून नेतं. काळेपणा खोलीतून येतो हे अर्धंच खरं. दोन टिंबांमध्ये न खाल्लेलं तांबं शिल्लक असेल तरच ती खोली कामाची. ॲसिडमध्ये आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं असा मोह होतो, आणि काळ्या कीटकाच्या बाबतीत तोच घात करतो. चाचणीच्या पट्टीवर हे ८० मिनिटांच्या घरात लिहिलेलंच होतं.

दुसरी चूक अक्षरांत. मापाच्या रेघेजवळचे 'नैसर्गिक आकार' हे शब्द आरशातल्यासारखे उलटे कोरले होते. उलट्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे येते आणि दुसरीसारखी दिसते. हाताने ती सवयीने 'दुरुस्त' केली आणि छापात 'नैसर्गीक' आलं. अक्षरं कधीही हाताने थेट उलटी लिहू नयेत, ट्रेसिंग उलटं करूनच घ्यावीत.

१७ ते २३ जुलै: दुरुस्ती
दुसरा पत्रा घेऊन नव्याने करावं की हाच वाचवावा? पाय आणि वक्ष चांगले आले होते, म्हणून वाचवायचं ठरलं. तिधारी स्क्रेपरने दोन्ही हौद सुमारे ०.२ मिमी खरवडून तळ सपाट केले, मग तेल लावून बर्निशरने घोटले. सहा तास. आता जागा गुळगुळीत झाली, पण बशीसारखी खोलगट. तशीच ठेवली तर पुसताना शाई बशीत साचते आणि डाग छापतो. जागा मागून ठोकून वर आणायला हवी.

मागची नेमकी जागा कडांपासून मोजून, डावं-उजवं उलटवून, मार्करने आखली. घरच्या हातोडीने केलेला पहिला प्रयत्न वाईट: दोन ठोके जड बसले आणि पुढे फुगवटा आला. मग पत्रा तांबट लेनमधल्या एका कारागिराकडे नेला. खाली गुळगुळीत ऐरण, मध्ये जाड कागद, वर चकचकीत तोंडाचा हलका हातोडा, आणि भांडं मठारताना देतात तसे जवळजवळ, एकसारखे ठोके. वीस मिनिटांत बशी आणि फुगवटा दोन्ही गेले. ₹१५०. स्टीलची पट्टी उभी धरून पाहिली तर खालून उजेड येत नव्हता. पुन्हा करायचं झालं तर खरवडण्यानंतरची पायरी थेट त्याच दुकानात.

'गी'ची वेलांटीही खरवडून घोटली.

२७ जुलै
पुन्हा लेप, या वेळी आधीच्या रेघांत नीट उतरवलेला. खाचांमध्ये लेप पोचला नाही तर तिथे नको तेवढं खाल्लं जातं. पंखांच्या कडांना टिंबांऐवजी तीन दिशांच्या रेघा, मिलिमीटरला दोनच. पहिली दिशा ३५ मिनिटं, दुसरी २०, तिसरी १०: प्रत्येक दिशा वेगळी कोरून वेगळी खाल्लेली. एकूण वेळ कमी, तरी काळेपणा जास्त, कारण रेघांमधले तांब्याचे चौकोन जागेवर राहिले. चकाकीच्या जागी कोरा पत्रा. चकाकीची कड हळूहळू विरू द्यायची नाही, तुटक हवी. मऊ उतार दिला की भुंगा रबरी दिसतो.

३० जुलै: दुसरं प्रूफ
काळा काळा आला. छाप सुकल्यावर बोट फिरवून पाहिलं, शाई उठून लागते. पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावर बोट फिरवलं की जो उठाव लागतो तो याच जातीच्या छपाईचा, आणि नोटा तर इथेच नाशिकरोडला छापल्या जातात. छापात उठाव नसेल तर दाब कमी आहे किंवा कागद पुरेसा ओला नाही.

४ ते ६ ऑगस्ट: छपाई
इचिंग प्रेस अर्ध्या दिवसाला ₹५०० भाड्याने. प्रूफांसह एकूण तीन वेळा. सुती हातकागदाचे दहा ताव, प्रत्येकी चार तुकडे, ₹१,१००. तुकडे २५ मिनिटं पाण्यात भिजवून टिपकागदात दाबले. वर पाण्याची चमक दिसता कामा नये, गालाला लावल्यावर गार लागलं पाहिजे. पहिले चार तुकडे जास्त ओले होते, त्यांवर पांढरे ठिपके आले: पाण्याने शाईला बाजूला ढकललं.

शाई पुसण्याचं टार्लटन (खळ दिलेलं विरळ जाळीचं कापड) इथे मिळालं नाही. बायंडिंगवाल्यांकडची खळ दिलेली जाळी घेतली, हाताने चोळून थोडी मऊ केली आणि चालली. नुसती मलमल घेऊ नये, ती खाचेतली शाईही पिते. शेवटचा हात तळव्याने, त्यावर किंचित खडूची पूड. चकाकीच्या जागा बोटाला चिंधी गुंडाळून वेगळ्या पुसल्या.

२९ छापांपैकी २० चांगले. टिपकागद दर बारा तासांनी बदलले, तरी एका गठ्ठ्याला कडेने हिरवट बुरशी आली. पावसाळ्यात छाप एकावर एक रचू नयेत, दोरीवर चिमट्याने टांगावेत.

१८ व १९ ऑगस्ट: रंग
शाई सुकायला बारा दिवस लागले. त्याआधी जलरंग लावून पाहिला तर तेलावर गोळा झाला. रंग थोडाच: पायांच्या केसांना तांबूस-तपकिरी, पोटाची कड दिसते तिथे तोच रंग जरा गडद, पंखांवर अगदी पातळ सेपिया.

चकाकीसाठी जुने चित्रकार गडद भागावर डिंकाचं पाणी फिरवत. किराण्यातला बाभळीचा डिंक १ भाग, पाणी २ भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळला, टिकावा म्हणून आत एक लवंग. तडकू नये म्हणून अर्धा चमचा मध घातला आणि तोच नडला: दमट हवेत तो थर सुकेना, तीन छाप एकमेकांना चिकटले आणि सोडवताना फाटले. मध वगळला, द्रावण निम्मं पातळ केलं आणि दोन हात दिले. बाभळीचा डिंक थोडा पिवळट दिसतो. काळ्यावर चालतो, फिक्या रंगाच्या कीटकावर दिसून येईल.

२४ ऑगस्ट: आवरणं
वापरलेल्या फेरिकमध्ये तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत, नाल्यात किंवा गोदेच्या पात्रात जाता कामा नये. मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा चमचा-चमचा घातला. खूप फेसाळतं, बादली निम्मीच भरलेली हवी. फेस थांबला आणि पीएच पट्टी ७ दाखवायला लागली की दोन दिवस बसू द्यायचं. खाली हिरवट-तपकिरी गाळ बसतो. तो फडक्यावर वाळवून झाकणाच्या बरणीत चिठ्ठी लावून ठेवला, वरच्या पाण्यासह सातपूरच्या एका प्लेटिंग कारखान्याने त्यांच्या सांडपाणी टाकीत घ्यायचं कबूल केलं.

प्लेट कोमट तेलाने पुसली, रेघांतली शाई दातांच्या ब्रशने काढली, वर व्हॅसलीनचा पातळ हात देऊन मेणकागदात गुंडाळली. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, ओल धरून तांब्यावर डाग पडतात. शिंगाच्या टोकाशी ६०० नंबरचा एक ओरखडा अजून छापतो. पुढच्या छपाईआधी तो घोटायचा आहे.